मधल्या सुट्टीतली मारामारी कशी थांबवायची: पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठी

प्राथमिक शाळेतली मारामारी दिवसभर सारखी पसरलेली नसते. ती ठरावीक जागी, ठरावीक वेळी आणि बहुतेकदा त्याच चार-पाच पोरांमध्ये होते. ‘हा पोरगाच वांड आहे’ इथून सुरुवात केली की हाती काही लागत नाही. ‘जेवणाआधी नळावर नेमकं काय होतं’ इथून केली की निदान नळाचं तरी काही करता येतं. म्हणून आधी जागा आणि वेळ, मग सगळा वर्ग, आणि सर्वांत शेवटी तो एक मुलगा. बऱ्याच शाळांत हा क्रम नेमका उलटा चालतो.

आधी दोन आठवडे फक्त वही

खिशात मावेल अशी वही घ्या. पाच रकाने आखा: वेळ, जागा, कोण कोण, लगेच आधी काय चाललं होतं, आणि नंतर त्या मुलाला काय मिळालं. एका नोंदीला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागता कामा नये, नाहीतर तिसऱ्या दिवशी वही टेबलाच्या खणात जाते. धक्का, चापट, लाथ, चावा, वस्तू फेकणं, दुसऱ्याची वस्तू मुद्दाम मोडणं, धमकी आणि चिडवणं एवढंच मोजायचं. चिडवणं वगळू नका. हात उठण्याच्या आधी बरेचदा कुणीतरी कुणालातरी ‘जाड्या’ किंवा ‘काळ्या’ म्हटलेलं असतं.

इथे होणारी चूक म्हणजे ‘मस्ती केली’, ‘उद्धटपणा केला’ असं लिहिणं. तो निकाल झाला, नोंद नव्हे. ‘रांगेत पुढच्याला कोपर मारलं’ असं डोळ्यांना दिसलेलंच लिहा, आणि तेव्हाच्या तेव्हा लिहा. शाळा सुटल्यावर आठवून लिहायला बसलं की आपल्याला ज्याचा आधीच राग आहे त्याच्याच नावावर सगळं जमा होतं.

दोन आठवड्यांनी कागदावर शाळेचा कच्चा नकाशा काढा आणि प्रत्येक घटनेसाठी एक ठिपका द्या. ठिपके कुठे दाट झालेत ते बघा. हात धुण्याचा नळ, खिचडीची रांग, स्वच्छतागृहामागची मोकळी पट्टी, वर्गाच्या दारातला चपलांचा ढीग, शाळा सुटतानाचं फाटक: यातलीच दोन-तीन ठिकाणं निघण्याची शक्यता मोठी. एकही जागा दाट नसेल आणि सगळे ठिपके एकाच मुलाभोवती असतील, तर सरळ या लेखाच्या शेवटच्या भागाकडे जा. पण हे वही भरल्यावर ठरवा, आधी नाही.

नळ, खिचडी आणि घंटा

भुकेली, तापलेली, एकमेकांना खेटून उभी असलेली आणि काही काम नसलेली चाळीस मुलं म्हणजे रांग. तिथे धक्का लागणारच. तेव्हा ‘धक्काबुक्की करू नका’ असं ओरडण्यापेक्षा रांगच लहान करायची.

जेवणाच्या वेळी आधी पंगत बसवा, ताटं समोर ठेवू द्या आणि मग वाढणारे पंगतीतून फिरू देत. मुलांनी भांड्याकडे जायचं नाही, भांडं मुलांकडे येतं. पहिलीपासून वाढायला सुरुवात करा. वाढायला मदत करणारी मुलं दर आठवड्याला बदला. तीच दोन मुलं वर्षभर डाव धरून उभी राहिली तर कुणाला किती वाढायचं याची त्यांची सत्ता तयार होते आणि तिचा हिशेब मैदानावर चुकता होतो.

नळावर सगळे वर्ग एकदम सोडू नका. दोन इयत्तांमध्ये चार-पाच मिनिटांचं अंतर ठेवा. जमिनीवर ऑइलपेंटने दीड-दीड फुटावर पावलं रंगवा. पहिली-दुसरीची मुलं पावलावर पाऊल ठेवून उभी राहतात, त्यांना तो खेळच वाटतो. चौथी-पाचवीला ते बाळबोध वाटतं, त्यांना वेळेचं अंतरच कामी येतं. चपलांसाठी दाराबाहेर फरशीवर खडूने चौकोन आखले की शाळा सुटतानाची ‘माझी चप्पल कुणी लाथाडली’ ही भांडणं कमी होतात. क्षुल्लक वाटतं, पण वहीत ती नोंद वारंवार दिसते.

सुट्टी संपतानाची एकच घंटा हाही भांडणाचा मोठा मुहूर्त. डाव अर्धवट, राज्य कुणावर ते ठरलेलं नाही, आणि सगळे एकाच दाराकडे पळतात. दोन घंटा द्या. पहिली सुट्टी संपायच्या पाच मिनिटं आधी, म्हणजे डाव आवरा आणि पाणी प्या. दुसरी वर्गात जाण्याची. वर्गात आल्यावर पहिली तीन मिनिटं पाढे किंवा एखादी कविता सगळ्यांनी मिळून म्हणायची. सरळ गणिताला हात घातला तर मैदानावरचं भांडण बाकापर्यंत येतं.

सुट्टीतलं लक्ष म्हणजे व्हरांड्यात खुर्ची टाकून बसणं नव्हे. जो शिक्षक देखरेखीला असेल त्याने फिरत राहायचं, ठिपके दाट असलेल्या जागी जास्त वेळा, आणि जाता जाता खेळणाऱ्या मुलांशी दोन शब्द बोलायचे. द्विशिक्षकी शाळेत दोघांनी सुट्टी अर्धी-अर्धी वाटून घ्यावी. दोघंही मैदानाबाहेर, हे मात्र नको.

आणि चेंडू किती आहेत ते मोजा. चाळीस मुलांत एक चेंडू असेल तर ती मारामारीची तजवीज आहे. लगोरीसाठी सात चपट्या ठिकऱ्यांचे दोन संच, रबरी चेंडू चार, रिंगा चार, दोरीउड्यांच्या दोऱ्या सहा, एवढी पेटी चारशे-पाचशे रुपयांत न बसली तरी फार महाग पडत नाही आणि गावातून वर्गणीत जमते. ज्या खेळात बाद झालेला मुलगा पुढची दहा मिनिटं कडेला बसून राहतो, ते खेळ सुट्टीत कमी करा. कडेला बसलेला पोरगाच दुसऱ्याचा डाव उधळतो. विषामृत इथे फार उपयोगी आहे: विष मिळालेला खाली बसतो, गडी येऊन अमृत देतो, पुन्हा पळापळ. बाद होणं क्षणाचं असतं आणि सोडवायला कुणीतरी लागतं.

खेळाचे वाद सोडवण्याचे नियम पोरांकडे आधीच असतात, तेच वर्गात बसून एकदा पक्के करा. राज्य चकूनच ठरवायचं. ‘टाइमप्लीज’ म्हटलं की हात लावायचा नाही. आउट की नॉटआउट यावर घासाघीस सुरू झाली आणि वीसपर्यंत आकडे मोजून होईतो मिटली नाही, तर तो डाव पुन्हा. लहान भावंड लिंबूटिंबू, त्याच्यावर राज्य नाही. हे चार नियम पुठ्ठ्यावर लिहून मैदानाच्या भिंतीला लावा. मास्तरांनी घातलेल्या नियमापेक्षा पोरांचा स्वतःचा नियम जास्त पाळला जातो.

फळ्यावर नावं लिहिणारा मॉनिटर

‘बोलणारी मुले’ असं फळ्यावर लिहून खाली नावं टिपायला मॉनिटरला सांगण्याची पद्धत अजूनही आहे. ती बंद करा. नाव लिहिलं म्हणून मॉनिटरला सुट्टीत मार बसतो, नाव लिहू नये म्हणून पेन्सिली आणि गोळ्या वसूल होतात. ‘दांडग्या पोराला मॉनिटर केलं की सुधारतो’ हा सल्लाही अर्धाच खरा आहे. त्याला काम द्या, सत्ता देऊ नका. घंटा वाजवणं, झाडांना पाणी घालणं, हजेरीपट कार्यालयात नेणं चालेल. इतर मुलांवर नजर ठेवणं नाही.

सगळ्या वर्गासाठी एक खेळ

१९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गात गणित आणि वाचनाच्या तासाला एक साधा खेळ करून पाहिला गेला. वर्गाचे दोन गट, नियम मोडला की गटाच्या नावापुढे खूण, खुणा कमी त्या गटाला बक्षीस, आणि दोन्ही गट मर्यादेत राहिले तर दोघांनाही. पुढे १९८५ पासून बाल्टिमोर शहरात पहिलीच्या वर्गांत तो खेळला गेला आणि ती मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा मागोवा ठेवला. सर्वांत जास्त फायदा पहिलीतच मारकुट्या असलेल्या मुलग्यांना झालेला दिसला. याला फळा आणि खडू याखेरीज काही लागत नाही.

पाच ते सात मुलांचे गट करा. प्रत्येक गटात शांत, दंगेखोर, हुशार, मागे पडलेली अशी सरमिसळ हवी आणि दोन हाडवैरी एकाच गटात नकोत. नियम चारच, आणि ‘हे करू नका’ असे नाही तर काय करायचं ते सांगणारे: हात-पाय आपल्याजवळ, जागेवर बसून काम, आवाज शेजाऱ्यापुरता, बोलणं नीट. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा मिनिटं, मुलांना येत असलेल्याच कामाच्या वेळी. मर्यादा चार खुणांची. नियम मोडला की सपाट आवाजात ‘गट दोन, एक खूण, हात आपल्याजवळ’ एवढंच म्हणा. मुलाचं नाव घ्यायचं नाही. लगोलग नीट वागणाऱ्या गटाचं कौतुक करा. वेळ संपताच बक्षीस: दोन मिनिटं उड्या, एक कोडं, जागेवर उभं राहून नाच. गोळ्या-चॉकलेटं नकोत. दोन आठवडे सुरळीत गेले की वेळ पाच-पाच मिनिटांनी वाढवा.

हा खेळ फसतो तो तीन कारणांनी. पहिलं, शिक्षक तो दिवसभर चालवतात. मग तो खेळ उरत नाही, पोलिसी होते. दुसरं, बक्षीस ‘शनिवारी बघू’ म्हणून पुढे ढकललं जातं आणि पहिलीच्या पोराला शनिवार म्हणजे पुढचा जन्म. तिसरं, एखादा मुलगा मुद्दाम खुणा ओढवून घेतो आणि गट त्याच्यावर तुटून पडतो. असं दिसलं की त्याच दिवशी त्याचा एकट्याचा गट करा, मर्यादा थोडी सैल ठेवा आणि दोन-तीन दिवस नीट गेले की परत मोठ्या गटात घ्या. शिक्षा म्हणून नाही, सोय म्हणून.

‘मुद्दाम की चुकून?’

सारख्या मारामाऱ्या करणाऱ्या मुलांची एक खोड केनेथ डॉज या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवून दिली. कुणाचा हेतू स्पष्ट नसेल तेव्हा ही मुलं तो वाईटच होता असं धरून चालतात. मागून धक्का लागला की ‘त्यानं मुद्दाम मारलं’. ही सवय सरावाने सैल होते. परिपाठानंतर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं द्या. एक प्रसंग सांगा: तुमच्या चित्रावर पाणी सांडलं, सांडणारा हसतोय. मुद्दाम की चुकून? हसण्याची कारणं किती असू शकतात? घाबरूनही हसतात, हे पहिलीतलं मूल सांगतं आणि मोठ्यांना सुचत नाही.

त्याच वेळी दोन वाक्यं तोंडात बसवा: ‘थांब, मला हे आवडलेलं नाही’ आणि ‘मी बाईंना सांगणार आहे’. वाक्य पाठ असणं पुरेसं नाही. जोड्या लावून पेन्सिल ओढणं, नावं ठेवणं, रांगेत घुसणं या तीन प्रसंगांत मोठ्या आवाजात म्हणून घ्या. आणि कुणी सांगायला आलं की ‘चुगल्या करू नकोस’ म्हणून परतवू नका. दुसऱ्याला अडकवायला आलेला आणि मदत मागायला आलेला यांतला फरक एका प्रश्नात कळतो: ‘आत्ता तुला माझ्याकडून काय हवंय?’

राग काढण्यासाठी उशीला गुद्दे मारायला लावण्याचा सल्ला मात्र सोडून द्या. मारण्याने राग निवत नाही, मारण्याचा सराव होतो. पोटावर हात ठेवून सावकाश पाच श्वास, किंवा गार पाण्याने तोंड धुणं बरं. तेही शांत असताना शिकवायचं. भडकलेल्या मुलाला ‘श्वास घे’ म्हटलं तर तो आणखी भडकतो.

मारामारी जुंपली तर

आधी बघ्यांना हटवा. ‘पाचवी, वर्गात चला’ असं इयत्ता घेऊन सांगा. प्रेक्षक गेले की निम्मा जोर जातो. भांडणाऱ्यांना नावाने हाक मारा आणि चार शब्दांहून मोठं वाक्य बोलू नका: ‘हात खाली. इकडे ये.’ समोरून न जाता थोडं बाजूने जा. मागून कवळ घालू नका. पोरगं घाबरून कोपर मारतं आणि मग ‘सरांना मारलं’ असा वेगळाच गुन्हा तयार होतो.

दोघांना एकमेकांना दिसणार नाहीत अशा जागी बसवा. लागलेल्याकडे पहिलं लक्ष. चावल्याने कातडी फाटली असेल तर साबण-पाण्याने धुवून आरोग्य केंद्रात पाठवा. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली, ग्लानी आली किंवा बोलणं अडखळलं तर घरी पाठवू नका, थेट दवाखाना.

चौकशी लगेच नाही. अंग तापलेलं असताना पोरगं जे सांगतं ते खोटं नसलं तरी उपयोगाचं नसतं. वीस-तीस मिनिटं जाऊ द्या, मग प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: काय झालं, त्याआधी काय झालं, त्याला काय वाटलं असेल, आता काय केलं म्हणजे भरपाई होईल. ‘का मारलंस?’ हा प्रश्न टाळा, त्याचं उत्तर आठ वर्षांच्या मुलाकडे नसतं आणि मिळतं ते आपल्याला ऐकायला आवडेल असं. वर्गासमोर न्यायालय भरवू नका. जबरदस्तीची ‘सॉरी’ आणि हातात हात देणं शाळा सुटेपर्यंतच टिकतं. भरपाई हाताने करायची असावी: फाटलेल्या वहीला कव्हर घालून देणं, सांडलेलं पुसणं.

एकच मुलगा एकाच मुलाला पुन्हा पुन्हा छळत असेल आणि दोघांच्या ताकदीत फरक असेल, तर ते भांडण नसून दादागिरी आहे. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी केलेला हा भेद महत्त्वाचा आहे. तिथे दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हणणं घातक ठरतं. ज्याला त्रास होतो त्याला आधी सुरक्षित करा, करणाऱ्याशी वेगळं बोला आणि दोन आठवडे रोज चौकशी ठेवा. जातीवरून, रंगावरून, अपंगत्वावरून चिडवणं ‘गंमत’ या सदरात कधीही जाऊ देऊ नका.

तो एक मुलगा

आता वहीतला शेवटचा रकाना काढा: नंतर काय मिळालं? वाचनाच्या तासाला मारामारी करून जो दर वेळी वर्गाबाहेर उभा राहतो, त्याला वाचनातून सुटका मिळते आहे. तुमची शिक्षा त्याचं बक्षीस आहे. त्याला वाचता येतं का ते एकट्याला बसवून तपासा आणि बाहेर काढण्याऐवजी त्याला जमेल एवढा, चार ओळींचा मजकूर द्या. ज्याला सगळ्यांचं बघणं मिळतं, त्याला ते आधी, चांगल्या कामासाठी द्या. ज्याला चेंडू मिळतो, त्याला मारल्यावर चेंडू मिळता कामा नये आणि मागितल्यावर मिळाला पाहिजे. जो चिडवण्याचा सूड उगवतो, त्याचं चिडवणं थांबवल्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ.

अशा दोन-तीन मुलांसाठी रोजचं कार्ड चालतं. सकाळी दोन मिनिटं भेट, तीन अपेक्षा, दिवसाचे चार भाग, प्रत्येक भागात प्रत्येक अपेक्षेला ० ते २ गुण, एकूण २४. लक्ष्य सरसकट १९-२० ठेवू नका. पहिले तीन दिवस नुसतं मोजा. सरासरी १० आली तर लक्ष्य १२. संध्याकाळी पुन्हा दोन मिनिटं. गुण गेले म्हणून भाषण नाही. अशा मुलांचा वेगळा वर्ग मात्र भरवू नका. एकत्र बसली की ती एकमेकांच्या पराक्रमाला दाद देतात आणि वाढतात.

घरी पहिला निरोप चांगला जाऊ द्या. ‘तुमचा मुलगा मारतो’ असा निरोप गेला की घरी बेदम मार बसतो आणि तो दुसऱ्या दिवशी शाळेत वाटला जातो. पालकांना विचारायच्या गोष्टी साध्या आहेत: सकाळी काय खाऊन येतो, रात्री किती वाजता झोपतो (या वयाला ९ ते १२ तास झोप लागते), घरी सध्या कोण आहे. ऊसतोडीला आईबाप गेल्यावर आजीजवळ राहिलेल्या मुलाचं वागणं दिवाळीनंतर बदललं असेल, तर त्याला नियमांपेक्षा एक ठरलेलं मोठं माणूस शाळेत हवं असतं.

छडीबद्दल वेगळं सांगायला नको. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं, कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत नाव कमी करता येत नाही. शिवाय मोठ्याने लहानाला मारायचं हा धडा छडी रोज देतेच.

ऐकू कमी येणं, दिसण्यात दोष, अध्ययन अक्षमता यांतूनही मूल चिडकं होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा अशा मुलाचं नाव आधी लिहून द्या, आणि गट साधन केंद्रातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोला. धारदार वस्तू वापरणं, स्वतःला इजा करणं, प्राण्यांना हाल करून मारणं, वयाला न शोभणारं लैंगिक वागणं यांतलं काहीही दिसलं तर कार्डाची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, १४४१६ ला, सल्ला मिळतो. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर चाइल्डलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पोक्सो कायदा २०१२ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे, मुख्याध्यापकांच्या परवानगीवर ते अवलंबून नाही.

हे बदल सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मारामारी वाढल्यासारखी वाटेल. मारल्यावर जे मिळत होतं ते बंद झाल्यावर पोरगं आधी जास्त जोर लावून बघतं. इथेच बहुतेक शाळा माघार घेतात आणि त्याला नेमकं कळतं की किती जोर लावला म्हणजे जमतं. सहा आठवडे काही बदलू नका, मग पुन्हा दोन आठवडे वही भरा आणि दोन नकाशे शेजारी ठेवा. जिथले ठिपके हलले नाहीत तिथली एकच गोष्ट बदला. दिवाळीच्या सुट्टीनंतर रांगा, पंगत, दोन घंटा, चकणं हे सगळं पहिल्या दिवसासारखं आठवडाभर पुन्हा शिकवावं लागतं.